मूत्रपिंडांतील वण

बोटास चाकू लागला असतां कांहीं दिवसांनीं तेथें वण उरतो. वण म्हणजे शरीरानें लावलेलें ठिगळच. तें फाटकें सांधतें, पण मूळ कापडाचें काम त्यास साधत नाहीं. बोटावर एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. मूत्रपिंडाची गोष्ट निराळी. प्रत्येकांत सुमारें 10 लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात.

मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब यांमुळें तेथें इजा झाली कीं, दुखावलेल्या पेशी शेजारणींस निरोप धाडतात. टीजीएफ-बीटा नांवाचें प्रथिन हाच तो निरोप्या. तें शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागास चिकटतें. आंतील स्मॅड नांवाचीं प्रथिनें तो निरोप केंद्रकापर्यंत पोंचवितात, आणि ती पेशी कोलॅजेनचे तंतु तयार करूं लागते. इजा थांबली तर हें विणकामही थांबावयाचें. पण मधुमेह वर्षानुवर्षें राहतो. तंतु दाटतात, केशवाहिन्या विरळ होतात, प्राणवायु अपुरा पडतो, आणि ही पुन्हां नवी इजाच!

1827 सालीं लंडनचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं मृत रोग्यांचीं आकसलेलीं, कठीण मूत्रपिंडें वर्णिलीं, तीं अशाच वणांनीं भरलेलीं. 1990 सालीं वेन बॉर्डर व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांत या प्रथिनास अडवून वण रोखला. मग औषध सांपडलेंच म्हणावयाचें काय? मधुमेही रोग्यांवर तसाच उपाय योजला, पण 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ दिसला नाहीं. तेंच प्रथिन दाह आवरण्याचेंही काम करतें, ही यांतील मोठी अडचण.

हा वण दुखत नाहीं. घरांत कोणी मधुमेही असल्यास त्यांच्या लघवींतील आल्ब्युमिन व रक्तांतील क्रिएटिनिन वर्षांतून एकदां तरी तपासून घ्यावें.