शाळेतला मोबाईल आणि ८०८५ चा इंटरप्ट

‘मोबाईल : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत लिहिलाय. मी तो पुन्हा लिहिणार नाहीये, घाबरू नका! शाळेच्या वेळात मोबाईलवर बंदी का घालतात, हे मला आपल्याच सिलॅबसमधून सांगायचंय.

इंटरप्ट म्हणजे काय?
८०८५ एक प्रोग्रॅम चालवत असतो. मध्येच इंटरप्ट आला की तो हातातली इन्स्ट्रक्शन पूर्ण करतो, परत यायचा पत्ता स्टॅकवर ठेवतो, आलेलं काम उरकतो आणि बरोबर त्याच जागी परत येतो. वर्गात वाजणारा मेसेज हाही इंटरप्टच. पण बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात इतका चोख स्टॅक नसतो. बाईंनी फळ्यावर लिहिलेली तिसरी पायरी हुकली, की चौथी कळत नाही.

मग डीआय द्या!
डीआय दिलं की प्रोसेसर इंटरप्टकडे लक्ष देत नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळा आणि ‘कोलेज’, म्हणजे साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत, हेच केलं. पण ८०८५ मध्ये ट्रॅप असतो, तो डीआयलाही जुमानत नाही. कायद्यातही तशी सोय आहे : अपंग किंवा आजारी मुलांना लागणारी उपकरणं बंदीतून वगळली आहेत.

उपयोग होतो का?
बेलँड आणि मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडच्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये मांडला. बंदीनंतर परीक्षेचे निकाल सुधारले. सगळ्यात जास्त फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला. पुढच्या मुलांना विशेष फरक पडला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला क्लास आहे, घरी शिकवणारं कोणी आहे, तो हुकलेलं भरून काढतो. ज्याला यातलं काहीच नाही, त्याची सगळी भिस्त वर्गातल्या तासावर असते. तो तास वाचवायला हवा की नको?

अर्थात दुसरी बाजूही आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांचा अभ्यास करून २०२५ मध्ये सांगितलं, की कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांमधल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही. कारण? दिवसभराचा एकूण फोनचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच! म्हणजे शाळा सुटली, ईआय दिलं, की इंटरप्ट पुन्हा सुरू.

थोडक्यात काय, बंदी तास वाचवते, संध्याकाळ नाही. ती घरच्यांनीच वाचवायची. त्यात आपणही आलो बरं का! सुट्टीत घरी गेल्यावर धाकट्या भावंडाला गणित शिकवताना आपला फोन आधी बाजूला ठेवा. बघा पटतंय का!