कारागृह शिपाई भरती : तयारी कशी करावी?



डोळखांब परिसरातील अनेक तरुण पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावतात. परंतु कारागृह शिपाई हे पद फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ठाणे, कल्याण व तळोजा येथील कारागृहे आपल्या जिल्ह्याच्या आसपासच आहेत. २०२४ च्या पोलीस भरतीबरोबर या पदासाठीही बारावी उत्तीर्ण मुलामुलींकडून अर्ज मागविण्यात आले होते.

त्या भरतीत निवड १५० गुणांवर होती. प्रथम मैदानी चाचणी, ५० गुणांची : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५) व गोळाफेक (१५). यात निम्मे गुण हवेतच. आपली मुले धावण्यात मागे नाहीत. मात्र गोळा अनेकांच्या हाती प्रथम भरतीच्या मैदानावरच येतो. चार-पाच जणांनी मिळून एक गोळा घ्यावा व रोज सराव करावा.

त्यानंतर लेखी परीक्षा, १०० गुण व ९० मिनिटे. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे विषय. एका प्रश्नाला पुरते मिनिटही मिळत नाही; म्हणून घड्याळ लावूनच प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.

कागदपत्रे आजच तपासा. आमच्या पाहण्यातील एक मुलगा मैदानात उत्तम ठरला. पण शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, जातीच्या प्रमाणपत्रावर दुसरे. दुरुस्ती होईपर्यंत मुदत टळली. घरात आडनाव बदललेले असेल, तर जाहिरातीची वाट पाहू नका. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नका.

शेवटी, ही नोकरी केवळ कुलूप-किल्लीची नाही. कैद्यांना जातीवरून कामे वाटण्याच्या तरतुदी तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरविल्या. झाडू कोणी धरावा व स्वयंपाक कोणी करावा, हे आता जात ठरवू शकत नाही. संविधानातील कलम १४, १५, १७, २१ व २३ या निकालासोबत अभ्यासा. परीक्षेत उपयोगी पडतील. पण निकाल कागदावर राहतो की बराकीत पोहोचतो, हे तेथे उभ्या असलेल्या शिपायावर अवलंबून आहे. तो शिपाई आपल्यातील असावा, अशी आमची इच्छा आहे.