एक घटक, अनेक पत्रके : तंत्रविषयक लेखनाची नवी पद्धती

अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या ह्या विद्यापीठाच्या शिफारशी वऱ्हाडातील कापूस, तूर व संत्रा उत्पादकांपर्यंत पोचविण्याचे एक साधन म्हणजे पुस्तिका व पत्रके. शिफारस बदलली की तिचा उल्लेख असलेले प्रत्येक पान दुरुस्त करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली. अनेक पिकांवर वापरल्या जाणाऱ्या अशा औषधाचे नाव कापसाच्या पुस्तिकेतून वगळले गेले आणि तुरीच्या पत्रकात तसेच राहिले, तर शेतकऱ्याने कोणते खरे मानावे?

घटक म्हणजे काय?

ह्या अडचणीवर घटकलेखन हा उपाय आहे. त्यात सलग प्रकरणाऐवजी स्वतंत्र, स्वयंपूर्ण घटक लिहून संगणकात साठवतात आणि त्यांच्या जुळणीतून पुस्तिका तयार करतात. आयबीएम कंपनीने विकसित केलेल्या 'डिटा' या रचनेस २००५ साली 'ओएसिस' संस्थेने प्रमाण म्हणून मान्यता दिली. तिच्यात घटकांचे तीन मुख्य प्रकार आहेत : संकल्पना, कृती व संदर्भ. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम ही संकल्पना, कामगंध सापळे लावणे ही कृती, तर औषधांच्या मात्रांचा तक्ता हा संदर्भ होय. मूळ तक्ता दुरुस्त केला की तो जोडलेल्या सर्व पुस्तिकांच्या नव्या प्रतींत दुरुस्ती आपोआप उतरते.

लेखकांना काय बदलावे लागते?

साधन शिकणे त्यामानाने सोपे. सवय मोडणे कठीण. घटक कोणत्याही पुस्तिकेत येऊ शकत असल्याने 'वर सांगितल्याप्रमाणे' असे लिहिता येत नाही. एके ठिकाणी 'कामगंध सापळा' व दुसरीकडे 'फेरोमोन सापळा' लिहिल्यास वाचक गोंधळतो. म्हणून शब्द आधी ठरवावे लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासाठी वेगळी सूचना असेल, तर तिच्यावर तशी खूण करावी लागते. प्रत्येक घटकाची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी लागते. कारण मुळातील एक चूकही तितक्याच वेगाने सर्वत्र पसरते.

प्रारंभ कोठून करावा?

सर्व पिकांना समान असलेल्या विषयापासून आरंभ करणे सोयीचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीतील दक्षता हा घटक एकदा काळजीपूर्वक लिहून तज्ज्ञांकडून तपासून घेतल्यास तो कापूस, तूर, संत्रा अशा प्रत्येक पुस्तिकेत समान शब्दांत देता येईल.

ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेले जुने पत्रक मात्र कोणतेही यंत्र काढून टाकू शकत नाही. म्हणून प्रत्येक पत्रकावर दुरुस्तीचा दिनांक छापणे आवश्यक आहे. तो पाहून जुने पत्रक उतरविणे व नवे लावणे, हे काम ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाच करावे लागेल.