साड्यांची पेटी मोबाईलमध्ये

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की वसमतच्या बाजारात आपली पहिली फेरी साड्यांसाठीच असते. पण पेटीत आधीच किती आहेत? आहेरात आलेल्या, घडीही न मोडलेल्या किती?

या आठवड्यात प्रत्येक साडीचा फोटो काढा. मोबाईलमध्ये ‘साड्या’ नावाचा अल्बम करून त्यात टाका, नेसली की तारीख लिहा. साधा फोन असेल तर गटातल्या ताईची मदत घ्या. दुकानात शिरण्याआधी अल्बम उघडायचाच.

गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकले तर अदलाबदलही जमते. मात्र कोणी नेली, कधी परत देणार, हे रजिस्टरला लिहा. नाहीतर एका डागावरून भांडण ठरलेलंच!

आपण कापूस पिकवणारी माणसं. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. विरलेलं सुती पातळ आपल्याकडे वाकळीत जातंच. पॉलिस्टर मात्र मातीत कुजत नाही, जाळलं तर धूर विषारी. तेही वाकळीच्या आतल्या थरात घाला.

साडीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर आधी अल्बम बघायचा, असा ठराव काहींना जाचक वाटेल. मला तो हवासा वाटतो, कारण दवाखान्याला आणि बियाण्यालाही पैसा त्याच पेटीतून निघतो. बैठकीत बोला, ठरवा तुम्हीच.