ट्रकचा मागील आस : रचना, कार्य आणि निगा

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नकार देतो आणि अखेरीस मान्य करतो, की या सर्व भागांच्या एकत्र येण्यालाच रथ हे नाव आहे. औरंगाबादच्या महाविद्यालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याचे नाव दिले, तोच हा राजा मिलिंद. प्रस्तुत लेखात त्या रथाच्या आजच्या वारसाचा, म्हणजे ट्रकचा, एकच भाग समजून घ्यायचा आहे : मागील आस. पुणे–हैदराबाद (क्रमांक ६५) आणि धुळे–विजयपूर (क्रमांक ५२) हे राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात एकमेकांना भेटतात. त्यामुळे ट्रक चालवणे आणि दुरुस्त करणे ही येथील असंख्य घरांची उपजीविका आहे.

आसाची तीन कामे

बैलगाडीचा आख स्थिर असतो. तो भार पेलतो, चाके त्याच्याभोवती फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. ट्रकच्या मागील आसाला मात्र तीन कामे करावी लागतात : भार पेलणे, इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणे आणि वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे.

भार पेलते ते बाहेरचे पोलादी हाउसिंग. चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा केंद्र सरकारने २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन केली. अवजड ट्रकमध्ये चाकाचा हब दोन बेअरिंगांच्या आधाराने हाउसिंगच्या टोकावर फिरतो. आतून जाणारा एक्सल शाफ्ट भार घेत नाही, केवळ पीळ सोसतो. म्हणूनच शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही. भार घेणारा भाग स्थिर ठेवण्याचा बैलगाडीचा नियम येथेही पाळलेला दिसतो.

शक्ती येते ती प्रोपेलर शाफ्टमधून. त्याच्या टोकाचा लहान पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो आणि गती काटकोनात वळते. समजा, पिनियनला ६ आणि क्राउनला ४१ दाते आहेत. पिनियन ४१ वेळा फिरेल तेव्हा क्राउन ६ वेळा फिरेल. वेग ६.८३ पटींनी घटतो आणि घर्षणातील किरकोळ घट वगळता पिळाचे बळ तितक्याच पटींनी वाढते. भरलेला ट्रक जागेवरून हलतो तो या वाढीव बळामुळे.

तिसरे काम डिफरेन्शियलचे. दोन बाजूंच्या चाकांत १.८ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.८ मीटर अधिक धावते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट असती, तर टायर घासले असते आणि शाफ्टवर ताण आला असता. क्राउनसोबत फिरणाऱ्या पिंजऱ्यात एका क्रॉसवर चार लहान गिअर असतात. ते दोन्ही शाफ्टांच्या गिअरांना दात लावून असतात. सरळ रस्त्यावर सर्व एकसंध फिरते. वळणावर लहान गिअर स्वतःभोवतीही फिरतात, आणि एका चाकाची जितकी गती कमी होते तितकीच दुसऱ्याची वाढते. याची एक मर्यादा आहे. दोन्ही बाजूंना बळ सारखेच मिळत असल्याने उसाचा ट्रक काळ्या मातीच्या चिखलात रुतला, की एक चाक नुसतेच गरगरते आणि दुसरे जागचे हलत नाही. अशा वेळी डिफरेन्शियल लॉक असल्यास तो उपयोगी पडतो.

निगा

हाउसिंगवर ब्रीदर नावाचे एक लहानसे झाकण असते. आतील तेल तापले, की हवा तेथून बाहेर पडते. ते चिखलाने बुजले तर आतला दाब वाढतो. दाबामुळे टोकाच्या सीलमधून तेल हबमध्ये शिरते आणि तेथील ग्रीस पातळ करते. मग ते ब्रेकच्या लायनरवर पसरते. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक पकडत नाही, तेव्हा कारण या बुजलेल्या झाकणापर्यंत जाऊन पोहोचू शकते. कार्यकारणाची ही साखळी तिच्या पहिल्याच कडीशी तोडता येते. त्यासाठी लागते ती एक चिंधी आणि दोन मिनिटे.

तेलाची पातळी सपाट जागी, गाडी थंड असताना पाहावी. तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ते असावे, त्याहून अधिक नको. तेलाचा प्रकार व बदलण्याचे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. तेल गरम असताना काढावे आणि ड्रेन प्लगचे चुंबक न्याहाळावे. बारीक भुकटी ही नेहमीची झीज होय. धातूचे तुकडे दिसले तर हाउसिंग उघडणे भाग आहे.

आवाजही बोलका असतो. जोर देताना घुमणारा आवाज बहुधा क्राउन-पिनियनचा असतो. फक्त वळणावर येणारा आवाज डिफरेन्शियलच्या लहान गिअरांकडे बोट दाखवतो. सतत येणारी घरघर बेअरिंगची असण्याचा संभव असतो. क्राउन आणि पिनियन जोडीने घासून जुळवलेले असतात. म्हणून एकच बदलू नये. नवी जोडी बसवताना दातांना रंग लावून त्यांचा स्पर्श कोठे होतो ते तपासावे आणि शिम घालून अंतर नेमके करावे. हबची बेअरिंगे फार घट्ट केली तर जळतात, सैल ठेवली तर चाक डुलते.

काम सुरू करण्यापूर्वी चाकांना उटी लावावी आणि ट्रक भक्कम घोडीवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. एक्सल शाफ्ट काढल्यावर ट्रक गिअरमध्ये ठेवला तरी थांबून राहत नाही, हेही ध्यानात असावे.

धम्मपदातील दुसरा वर्ग अप्रमादाचा, म्हणजे सतत जागरूक राहण्याचा आहे. यंत्राच्या निगेचे सूत्रही तेच आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम निवडणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम कमी प्रतीचे मानू नये. घाट उतरणारा चालक, समोरून येणारी एस.टी. आणि तिच्यातील प्रवासी यांचे प्राण गॅरेजमधील त्या हातांवर विसंबून असतात.