समुद्रशेतीचे कलम आणि जैवतंत्रज्ञान

सौंसर-पांढुर्णा भागात संत्र्याची बाग बी पेरून लावीत नाहीत. जंभेरीच्या खुंटावर उत्तम झाडाचा डोळा बांधून कलम तयार करतात. त्यामुळे मातृवृक्षाचे गुण कलमात उतरतात. परंतु मातृवृक्षाला विषाणूची बाधा असल्यास तीही डोळ्यातून उतरते! समुद्रशैवालाच्या शेतीपुढे असाच प्रश्न उभा आहे.

कप्पाफायकस हे लाल शैवाल. त्यापासून मिळणारे कॅराजीनन आइसक्रीम, टूथपेस्ट इत्यादींना दाटपणा आणते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने हे शैवाल 1984 साली भारतात आणले. पुढे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, त्याची शेती करू लागल्या. बांबूच्या तराफ्याला दोऱ्या ताणून त्यांवर शैवालाचे तुकडे बांधतात. सुमारे 45 दिवसांत कापणी होते आणि त्यातलेच काही तुकडे पुन्हा बियाणे म्हणून लावतात.

अशा रीतीने एकाच वाणाचे तुकडे वर्षानुवर्षे लावले, की वाढ मंदावते व रोगाची भीती वाढते. सगळे पीक एकाच गुणाचे असल्याने एका आघाताने सारेच बळी पडते. 2013 नंतर तामिळनाडूत हे पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि अनेक घरांची मिळकत बुडाली.

येथे ऊतिसंवर्धन उपयोगी पडते. निरोगी शैवालाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून पोषक माध्यमावर ठेवतात. त्यातून पेशींचा पुंजका तयार होतो व पुंजक्यातून इवली रोपे फुटतात. ती प्रथम टाकीत आणि मग समुद्रात वाढवितात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत संत्र्याची विषाणुमुक्त रोपे करतात, त्यामागील तत्त्वही असेच आहे.

मात्र ऊतिसंवर्धनाने रोप निरोगी झाले, तरी उष्णता सोसण्याचा गुण त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी बीजाणूंपासून विविध संतती वाढवून तीतून निवड करावी लागेल. दुसरा धोकाही ध्यानी ठेवावा. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ हे परके शैवाल प्रवाळांवर पसरल्याचे 2008 साली नोंदले गेले. अधिक जोमदार वाण अधिक पसरूही शकेल. म्हणून ग्रॅसिलेरियासारख्या देशी शैवालांकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.

मित्रहो, समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर असला, तरी प्रयोगशाळेत माध्यम घट्ट करणारे अगार लाल शैवालापासूनच मिळते, आणि शैवालाचा अर्क पिकांवर फवारला जातो. बाग जमिनीवरची असो वा पाण्यातली, शुद्ध बियाणे आणि वाणांची विविधता या दोहोंवाचून ती टिकणार नाही.