सरहद्दीचा रखवालदार : मलिक अंबर

(परक्या देशातून गुलाम म्हणून आलेला एक मुलगा दख्खनचा सेनापती आणि वजीर झाला. त्याच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, सकाळी नळाला पाणी आले नाही तर घरात काय होते? सगळी कामे अडतात. आता चारशे वर्षांपूर्वीच्या एका नव्या शहराचा विचार करा. भोवती डोंगर आहेत, पण पाऊस बेताचाच पडतो. अशा शहरासाठी एका सेनापतीने जमिनीखालून पाणी आणले. त्याचे नाव मलिक अंबर. तो आयुष्यभर राज्याच्या सरहद्दीसाठी लढला. पण लढाईइतकीच काळजी त्याने पाण्याची आणि शेतकऱ्यांची केली.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू होते, असे सांगतात. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. आईवडील सुटले, गाव सुटले, पुढे नावही सुटले. बगदादच्या एका धन्याने त्याला शिक्षण दिले आणि त्याचे नाव 'अंबर' ठेवले. तेथून तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्याच्याकडे राहून अंबर राज्यकारभार शिकला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर तो गुलामीतून मोकळा झाला. काही काळ त्याने विजापूरच्या दरबारी चाकरी केली. 'मलिक' हा किताब त्याला तेथेच मिळाला. मग तो पुन्हा निजामशाहीत परतला.

त्या वेळी मुघलांची फौज उत्तरेकडून दख्खनवर चालून आली होती. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला. निजामशाही संपली, असेच सर्वांना वाटले. अंबरला मात्र तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील मुर्तजा याला परांडा येथे गादीवर बसवले. स्वतः वजीर होऊन तो राज्य सांभाळू लागला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि पुढे दौलताबादला गेली. जवळच खडकी नावाचे गाव होते. तेथे त्याने १६१० मध्ये नवे शहर वसवले.

मुघलांची फौज मोठी होती. तोफा, हत्ती, तंबू, सारे काही तिच्याजवळ होते. अशा फौजेशी मैदानात लढणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून अंबरने वेगळा मार्ग धरला. त्याचे चपळ स्वार अचानक छापा घालत, शत्रूची रसद तोडत आणि डोंगरात दिसेनासे होत. यालाच आपण 'गनिमी कावा' म्हणतो. यातला 'गनीम' हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा असेल. या लढायांत हबशी आणि दख्खनी सैनिकांच्या बरोबरीने मराठे सरदारही होते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठी लढाई झाली. मुघल आणि विजापूरकर एक होऊन आले होते. अंबरने तलावाचा बांध फोडला, त्यामुळे शत्रूच्या छावणीत चिखलच चिखल झाला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी येथेच कामी आले. विजय अंबरचा झाला.

पण प्रत्येक वेळी विजय मिळाला, असे नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगाव येथे अंबरचा पराभव झाला. मुघल सैन्य खडकीत शिरले आणि त्याने शहर जाळले. पुढे शाहजादा खुर्रमपुढे अंबरला दोनदा माघार घ्यावी लागली. तुम्ही कष्टाने बांधलेले घर कोणी जाळले, तर तुम्ही काय कराल? अंबरने शहर पुन्हा उभे केले.

या शहराचे पाणी म्हणजे 'नहर-ए-अंबरी'. डोंगरातले झरे अडवून त्यांचे पाणी जमिनीखालच्या कालव्यातून शहरात आणले होते. कालव्याला बेताचा उतार दिला होता. त्यामुळे मोट किंवा रहाट न लावता पाणी आपोआप पुढे जाई. मधूनमधून विहिरीसारखी तोंडे ठेवली होती. त्यांतून माणूस आत उतरून गाळ काढत असे. ही नहर पुढे कित्येक पिढ्यांच्या उपयोगी पडली.

शेतकऱ्यांसाठीही त्याने चांगली व्यवस्था लावली. पूर्वी सारा वसूल करण्याचा मक्ता दिला जाई. मक्तेदार हवा तेवढा पैसा उकळत. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीचा कस आणि हाती आलेले पीक पाहून सारा ठरू लागला. मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांत पुढेही 'मलिकंबरी' हा शब्द येत राहिला.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. बादशहा जहांगीर त्याचा कट्टर वैरी होता. अंबरच्या मस्तकावर आपण बाण मारत आहोत, असे चित्र त्याने काढवून घेतले होते. रणांगणात जे जमले नाही, ते त्याने चित्रात केले! पण अंबर गेल्यावर जहांगीरच्याच दरबारी इतिहासकाराने लिहून ठेवले, की युद्धकलेत आणि कारभारात त्याला तोड नव्हती.

पुढे दहा वर्षांतच, १६३६ मध्ये, निजामशाही संपली. खडकीचे नावही बदलत गेले. ती आधी फतेहनगर, मग औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. ज्या सरहद्दीसाठी अंबर लढला, ती आज नकाशावर नाही. पण त्याने वसवलेले शहर आहे आणि त्याच्या नहरेचे अवशेष आहेत. ज्या मुलाचे घर हिरावले गेले होते, त्याने हजारो लोकांना घर आणि पाणी दिले. मित्रांनो, खुलताबादला गेलात तर त्याच्या कबरीपाशी क्षणभर थांबा आणि ही गोष्ट आठवा.

शब्दार्थ
रसद – सैन्याचा धान्यपुरवठा
कामी येणे – लढाईत मरण येणे
सारा – शेतजमिनीवरील कर
मक्ता – ठेका
कस – जमिनीची सुपीकता
तोड नसणे – बरोबरीचा कोणी नसणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबरचा जन्म कोणत्या देशात झाला?
(आ) भातवडीच्या लढाईत शहाजीराजे कोणाच्या बाजूने लढले?
२. नहरेचे पाणी शहरात कसे येत असे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. अंबरच्या लढाया मोठ्या, की त्याची नहर? तुमचे मत कारणांसह लिहा.
४. या पाठातील जे शब्द उर्दूतही आहेत, त्यांची यादी करा.